दिवाळीची सुट्टी, साडेचारशे फुटांचं घर, दोन पोरं आणि बुंदी

पाचवा_मजला · 8 ऑक्टोबर, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. यंदा गावाला जाणं होत नाहीये. साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला एका फोनवर मी आणि दुसऱ्या फोनवर नवरा बसलो होतो, तरी वेटिंगच हाती आलं. त्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना एकटं सोडता येत नाही. म्हणजे अख्खी दिवाळीची सुट्टी मुलुंडात, वन बीएचकेमध्ये.

थोरली नऊ वर्षांची आहे, धाकटा पाच. आणि बुंदी. दोन वर्षांपूर्वी पावसात बिल्डिंगच्या जिन्याखाली सापडलेली आमची गावठी कुत्री.

अडचण अशी की पोरं जे काही करतात त्यात बुंदीला तोंड घालायचं असतं. गेल्या वर्षी घरी कंदील केला होता. खळीच्या वासाने तिने त्याच्या शेपट्या खाल्ल्या आणि पुढचे दोन दिवस आम्ही सगळे तिच्या मागे काय बाहेर पडतंय ते बघत फिरत होतो. तिला आत कोंडलं तर ती रडते, ती रडली की धाकटा रडतो. फटाके सुरू झाले की कपाटामागे जाऊन थरथरत बसते, ते वेगळंच.

मोबाइलशिवाय दोन आठवडे काय काय करता येईल? फार खर्च नको. 'एखाद्या शिबिराला घाला' हा सल्लाही नको, त्यासाठी धागा काढायची गरज नव्हती.

शेवटची_लोकल · 8 ऑक्टोबर, रात्री 11:03

आधी बुंदीचा फोटो टाका. मग सल्ले.

माहीमकर_काका · 9 ऑक्टोबर, सकाळी 6:20

किल्ला करा. यात विचार करण्यासारखं काय आहे?

आता म्हणाल, जागा कुठे. आमच्या चाळीत सामायिक गॅलरी होती, तुम्हाला ग्रिलच्या आत दोन फूट मिळतात हे मला माहीत आहे. म्हणून रायगडाच्या वाटेला जाऊ नका. दरवर्षी जो तो रायगड करायला घेतो आणि शेवटी एक ढेकूळ तयार होतं, ज्यावर महाराजांची मूर्ती दरवाजापेक्षा चौपट मोठी असते. त्यापेक्षा खांदेरी करा. थळसमोरचं बेट आहे, मुंबई बंदराच्या तोंडाशी. घरातली सगळ्यात मोठी परात घ्या. मधोमध दोन उपड्या वाट्या, त्यावर शाडूचा थर, भोवती तटबंदी, बाकी परातीत पाणी. झाला जलदुर्ग.

मुलांना गोष्टही सांगा, कारण ही गोष्ट खेळता येते. 1679 साली महाराजांनी मायनाक भंडारीला खांदेरी बांधायला पाठवलं. मुंबईत बसलेल्या इंग्रजांच्या पोटात दुखलं, त्यांनी बेटाभोवती जहाजं आणून उभी केली. जहाजं मोठी, तोफा मोठ्या. पण उथळ पाण्यात आणि वारा पडला की ती जागची हलेनात. आपल्या हलक्या होड्या रात्री वल्हवत त्यांच्या मधून जायच्या आणि बेटावर रसद पोचवायच्या. काम काही थांबलं नाही. आता एका पोराने डोळे मिटून इंग्रज व्हायचं, दुसऱ्याने कागदी होड्यांमधून डाळ-तांदळाचे दाणे बेटावर पोचवायचे. पाण्याचा आवाज आला की इंग्रजाने ओरडायचं. आमच्या नातवंडांनी हा खेळ चार दिवस खेळला.

2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात खांदेरी आहे, हेही सांगा. शाळेत मिरवायला बरं.

सूचना दोन. परातीतलं पाणी रोज बदला. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, पालिकेची माणसं घरी आली तर खांदेरीवरून दंड भरावा लागेल. आणि शाडूचे हात, भांडी काहीही सिंकमध्ये धुऊ नका. बादलीत धुवा, माती खाली बसू द्या, वरचं पाणी ओता.

मनीची_मावशी · 9 ऑक्टोबर, सकाळी 9:41

काका, कल्पना झकास आहे. पण ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी लक्षात ठेवा, समुद्र मांजर पिणार. आमच्या मनीला तिच्या वाडग्यातलं पाणी कधीच आवडत नाही, बाकी सगळ्या जगातलं चालतं. त्यामुळे पाण्यात निळा रंग घालू नका. परातीऐवजी काचेचं भांडं घ्या, त्याखाली निळा कागद ठेवा आणि साधं पाणी घाला, तसंच दिसतं.

मांजरवाल्यांसाठी अजून एक, आणि हे मी दर दिवाळीला कंठशोष करून सांगते. दोरा, लोकर, जिलेटीनच्या पट्ट्या, तोरणाची जर, वातीचा कापूस यांतलं काहीही रात्री बाहेर ठेवू नका. मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात, एकदा दोरा तोंडात गेला की तिला तो थुंकता येत नाही. आतडी त्यावर गोळा होतात आणि मग थेट ऑपरेशन. दोरा मागून बाहेर लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, डॉक्टरकडे न्यायचं. आणि पूजेच्या फुलांत लिली नको. तिचा परागकण अंगावर पडला आणि चाटला गेला तरी मांजराची किडनी जाऊ शकते. झेंडू, शेवंती आणतो त्याच टोपलीत हल्ली लिलीही येते म्हणून सांगते.

खेळायला पत्ते! बदाम सात मांडलं की मनी सातीवर येऊन बसते. आमच्याकडे नियमच आहे, मांजर ज्या रंगावर बसेल तो रंग ती उठेपर्यंत बंद. लोक तिला खाऊ दाखवून दुसरीकडे बसवायचा प्रयत्न करतात, ती फसवेगिरी धरली जाते.

पाचवा_मजला · 9 ऑक्टोबर, दुपारी 2:15

काका, खांदेरी पक्की! थोरलीने वहीत नकाशा काढायला घेतलाय. माती कुठली आणू? कोपऱ्यावरच्या नर्सरीत 'तयार माती' मिळते ती चालेल का? बुंदी माती दिसली की खणतेच.

(फोटो टाकलाय. डाव्या कानाला जे लागलंय ते पोहे आहेत.)

कुंडीतला_कडीपत्ता · 9 ऑक्टोबर, दुपारी 3:30

तयार माती नको. तिच्यात बहुतेक वेळा खत मिसळलेलं असतं. हाडांचा चुरा असेल तर कुत्र्याला तो मेजवानीसारखा वाटतो आणि पोट बिघडतं. एरंडीची पेंड असेल तर ती सरळ विषारी आहे. नुसती लाल माती मागा, किंवा शाडू. गणपतीनंतर मूर्तिकारांकडे उरलेली शाडू मिळते.

हिरवळीसाठी सगळे अळीव नाहीतर मोहरी पेरतात. तुम्ही गहू पेरा, घटाला पेरतो तसे. रात्रभर भिजवून पेरलेत तर आठवड्यात चांगले वर येतात. कुत्र्या-मांजरांनी गव्हाचे कोंब कुरतडले तरी काही होत नाही, उलट मांजरं आवडीने खातात. आजच पेरलेत तर वसुबारसेपर्यंत गड हिरवा होईल.

बुंदीच्या खणण्याचं म्हणाल तर तिला तिची खाण द्या. जुना टब किंवा खोका घ्या, त्यात फाटके टी-शर्ट, चादरीचे तुकडे कोंबा आणि मधे मधे तिच्या खाऊचे चार दाणे लपवा. पोरांनी लपवायचे, तिने शोधायचे. कुत्रा नाकाने काम करून जितका दमतो तितका पळूनही दमत नाही.

चिंधी_बाजार · 9 ऑक्टोबर, रात्री 8:05

कडीपत्त्याला +1. आमच्या घरात हे अजून तीन तऱ्हेने चालतं.

आप्पेपात्र घ्या. प्रत्येक खळग्यात खाऊचा एक दाणा ठेवा, वर प्लास्टिकचा चेंडू. कुत्र्याने चेंडू बाजूला करून खायचं. कुत्रा लहान चेंडू गिळेल इतका मोठा असेल तर टेनिसचे चेंडू घ्या आणि खळगे एकाआड एक भरा. आता आमच्याकडे आप्पे करायला दुसरं पात्र आणावं लागलंय.

दुसरं, दारात ठेवायचं रबरी जाळीचं पायपुसणं मिळतं ना, त्याच्या भोकांतून जुन्या कपड्यांच्या वीतभर पट्ट्या ओढून गाठी मारायच्या. झुडपासारखं होतं, त्यात खाऊ पेरायचा. गाठी मारायचं काम पोरं दोन दुपारी हूं की चूं न करता करतात. हे मी स्वतः पाहिलंय, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता.

तिसरं सगळ्यात लाडकं. कुत्र्याच्या खाऊची रांगोळी. ठिपके मांडायचे आणि त्यावर दाण्यांनी कमळ, स्वस्तिक, काय हवं ते काढायचं. फोटो काढायचा, मग 'ये' म्हणायचं. साडेचार सेकंदांत रांगोळी साफ. दाणे त्या दिवसाच्या जेवणातलेच मोजून घ्या, नाहीतर दिवाळीनंतर कुत्र्याची दुसरी आवृत्ती दिसेल.

अडाणी_आचारी · 10 ऑक्टोबर, सकाळी 11:12

फराळावर कोणी बोललं नाही अजून? मग मी बोलतो.

कुत्र्याला फराळातलं काहीही नको. चिवड्यातले बेदाणे सगळ्यात वाईट. बेदाणे, मनुका, द्राक्षं यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर ते होईल हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून एकही नको. चॉकलेट नको, त्यात गडद जितकं तितकं घातक. कांदा-लसूण नको, म्हणजे लसणीची शेव आणि भाजणीच्या काही चकल्या बाद. तळण पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पाहुणे फार प्रेमळ असतात, 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणत भरवतात. बुंदीच्या गळ्यात पाटी अडकवा.

तिच्यासाठी वेगळे शंकरपाळे करा, तेही मुलांकडून. लाल भोपळा साल काढून उकडा, गार झाल्यावर कुस्करा, त्यात मावेल तेवढी कणीक घालून घट्ट भिजवा. मीठ नाही, साखर नाही, सोडा नाही. पाणी लागतच नाही. पोळी लाटून कातण्याने शंकरपाळे पाडा. ओव्हन असेल तर मंद भाजा, नसेल तर जाड तव्यावर बारीक गॅसवर, उलटत-पालटत, कडक होईपर्यंत. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात. गहू सोसत नसेल त्या कुत्र्याला ज्वारीचं पीठ, पण मग लाटायचा नाद सोडा, थापा.

डब्यावर नाव मात्र लिहा. आमच्याकडे सासरे अर्धा डबा चहाबरोबर संपवून 'यंदा गोड जरा कमी पडलंय' म्हणाले.

हिरवी_सावली · 10 ऑक्टोबर, दुपारी 4:48

छान धागा! आमच्याकडे पोपट आहे, मिठू. त्याच्यासाठी पण काही खेळ सुचवा ना, मुलगी मागे लागलीये.

कुंडीतला_कडीपत्ता · 10 ऑक्टोबर, सायंकाळी 5:20

ताई, राग मानू नका. आपला देशी हिरवा पोपट घरात पाळायला वन्यजीव संरक्षण कायद्याने, म्हणजे 1972 पासूनच्या कायद्याने, बंदी आहे. बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण खिडकी उघडून सोडूनही देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला उडता येत नाही, कावळे टोचून मारतात. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करून विचारा. बजरीगर किंवा लव्हबर्ड असेल तर गोष्ट वेगळी. त्यांना उदबत्ती-कापराचा धूर आणि तापलेल्या नॉनस्टिकची वाफ यांपासून लांब ठेवा. तव्याच्या त्या वाफेने लहान पक्षी काही मिनिटांत मरतात.

हिरवी_सावली · 10 ऑक्टोबर, सायंकाळी 5:58

खरंच माहीत नव्हतं. यांच्याशी बोलते.

स्पष्ट_बोलतो · 11 ऑक्टोबर, रात्री 9:30

सगळं वाचलं. सण माणसांचा की कुत्र्यांचा? आम्ही लहानपणी पहाटे पाचला ॲटमबॉम्ब लावायचो, कुत्री पळायची, संध्याकाळी परत यायची. कोणी मेलं नाही.

शेवटची_लोकल · 11 ऑक्टोबर, रात्री 9:44

जी परत आली नाहीत ती तुम्हाला सांगायला कशी येतील?

परळ_नाका · 11 ऑक्टोबर, रात्री 10:30

मी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलजवळ वाढलो. 1883 पासूनचं आहे ते, आमच्या लहानपणी दिवाळीत तिथे काय काय यायचं ते पाहिलंय, त्यामुळे वाद घालत नाही. कामाचं सांगतो.

माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45,000 च्या आसपास. मांजराला त्याहून वर. तुम्हाला जो बॉम्ब वाटतो तो त्यांना काय वाटत असेल याचा अंदाज करा.

बुंदीसाठी आत्तापासून तयारी करा, अजून आठ-नऊ दिवस आहेत. मुलांना गुहा करायला सांगा. डायनिंग टेबल किंवा पलंगाखाली, तीन बाजूंनी जाड चादरी, वर गोधडी, आत तिचं अंथरूण आणि तुमचा न धुतलेला एखादा गाऊन. कपाटामागे ती जातेच आहे ना, तिला तशीच जागा हवी असते, फक्त ती तिची असावी. पोरांना तंबू म्हणून खेळू द्या, पण बुंदी आत असली की तिला ओढून बाहेर काढायचं नाही, हा कायदा. रोज गुहेतच खाऊ द्या. फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावा, इतका की तिने कानही हलवू नये, आणि त्याच वेळी शंकरपाळे चारा. रोज एक घर आवाज वाढवा. ती थबकली तर मागे या.

लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी सहाच्या आत फिरवून आणा, पट्टा आणि गळ्यात फोन नंबर. नंतर खिडक्या बंद, पंखा फुल, टीव्ही चालू. वाडग्यात बिनसाखरेचं दही गोठवून ठेवा आणि तेव्हा चाटायला द्या, चाटण्याने कुत्री शांत होतात. जवळ आली तर कुरवाळा, लाडावते वगैरे काही नसतं. फारच घाबरत असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांकडून गोळी विचारून घ्या, माणसांच्या गोळ्या अजिबात नको. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेते.

आमच्या सोसायटीचा वॉचमन नेपाळचा आहे. नरकचतुर्दशीला तो गेटवरच्या काळ्या कुत्र्याला टिळा लावतो, झेंडूची माळ घालतो, गोडधोड देतो. त्यांच्याकडे तो दिवस कुत्र्यांच्या पूजेचाच. पहिल्या वर्षी लोक हसले. आता आमच्या विंगची पोरं आदल्या रात्री माळा ओवून ठेवतात.

स्पष्ट_बोलतो · 11 ऑक्टोबर, रात्री 10:52

बॉम्बचं राहू द्या. माळेचं आवडलं.

शाईचा_डाग · 12 ऑक्टोबर, दुपारी 12:05

दुपारचं ऊन असतं तेव्हा बाहेर काढू नका, ना पोरांना ना कुत्रीला. ऑक्टोबरमधला डांबरी रस्ता पंजे भाजतो. त्या वेळात घरचा दिवाळी अंक काढा.

मराठीतला पहिला दिवाळी अंक 1909 साली मुंबईतूनच निघाला, 'मनोरंजन' मासिकाचा. तेव्हा परंपरा आपल्या गावची आहे. थोरली संपादक. धाकट्याला लिहिता येत नसेल तर तो बोलेल, ती लिहील. आजींची गुडघ्याच्या ऑपरेशनवर मुलाखत हवीच, बसून बसून त्याही कंटाळल्या असतील. वार्षिक राशिभविष्यात बुंदीची रास घाला. जाहिराती घ्या: 'शेजारच्या काकूंकडे चकल्या उत्तम'. त्या जाहिरातीचे पैसे चकल्यांच्या रूपाने मिळतात, अनुभव आहे.

मुखपृष्ठावर बुंदीचा पंजा. शाडूची चपटी वडी करून त्यात ठसा घ्या आणि तो वाळल्यावर त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा. मीठ-कणकेची वडी करतात ती मात्र करू नका, कुत्र्याने तो गोळा खाल्ला तर मिठाची विषबाधा होते. प्लास्टर ऑफ पॅरिसही नको.

मनीची_मावशी · 12 ऑक्टोबर, दुपारी 12:40

राशिभविष्य! मनीला यंदा 'स्थावर मालमत्तेचा योग', ती खोक्यात राहायला गेलीये.

पाचवा_मजला · 24 ऑक्टोबर, रात्री 11:35

उशीर झाला, पण आता सविस्तर लिहिते.

खांदेरी दोनदा बुडाली. पहिल्यांदा तटबंदी पाण्यात विरघळली, दुसऱ्यांदा बुंदीने समुद्र प्यायला आणि मग बेटावर पाय ठेवला. तिसऱ्या वेळी वाट्यांऐवजी वीट ठेवली, ती टिकली. रसदीचा खेळ पोरं तर खेळलीच, एका संध्याकाळी ऑफिसातून आलेला नवराही डोळे मिटून इंग्रज झाला आणि तिथेच झोपला. गहू वसुबारसेला बोटभर झाले होते. धनत्रयोदशीला नव्हते. कोणी खाल्ले ते सांगायला नको.

पायपुसण्याच्या गाठी सासूबाईंनी मारल्या, एकटीने, सगळ्या. मुलांना हात लावू दिला नाही. दिवाळी अंकाच्या मुलाखतीत त्या म्हणाल्या की ऑपरेशनपेक्षा फिजिओथेरपीवाला वाईट. संपादकांनी ते शीर्षक केलं.

बोलून कमी आणि करून जास्त फरक पडला तो गुहेने. लक्ष्मीपूजनाला साडेसातपासूनच सुरू झालं. बुंदी कपाटाकडे निघाली, मधेच थांबली आणि वळून टेबलाखाली शिरली. थरथरत होती, नाही असं नाही. धाकटा तिच्या शेजारी पालथा पडून तिला दिवाळी अंक 'वाचून' दाखवत होता. त्याला वाचता येत नाही, पण राशिभविष्य त्याला पाठ आहे. दह्याचा वाडगा अर्धा तास पुरला. साडेदहाला दोघंही तिथेच झोपले होते, आम्ही काढलं नाही.

काल भाऊबीज. धाकट्याचं म्हणणं, बुंदी त्याची बहीण, तर तिनेही ओवाळलं पाहिजे. निरांजन न लावता नुसतं ताम्हन घेतलं, थोरलीने बुंदीचा पंजा धरून फिरवलं. त्याने ओवाळणीत एक भोपळ्याचा शंकरपाळा घातला. तो ताम्हनात पडायच्या आत गेला.

आता एक प्रश्न. काल रात्री नवऱ्याने खांदेरी मोडून परात धुतली. सिंकमध्ये. पाणी इंचभरही खाली जात नाहीये. काय करू?

माहीमकर_काका · 25 ऑक्टोबर, सकाळी 6:05

सांगितलं होतं. सोडा-व्हिनेगर ओतत बसू नका, मातीला त्याने काही होत नाही. सिंकखालचा बाटलीसारखा भाग हाताने उलटा फिरवून सुटतो, आधी खाली बादली ठेवा. शाडू तिथेच बसलेली असेल. ती वाळवून ठेवा, पुढच्या वर्षी लागेल.

शेवटची_लोकल · 25 ऑक्टोबर, सकाळी 8:17

ओवाळणीचा फोटो?